व्याह्यांचं सूप आणि गुरुजींची माळ

पत्र:

ताई, आमची मुलगी पाच वर्षं कोरियात, सोलमध्ये नोकरी करते. तिनं तिकडचाच मुलगा पसंत केलाय. मुलगा चांगला आहे, दोनदा घरी येऊन गेला, मांडी घालून बसला आणि भाकरी मोडून खाल्ली. आता कार्तिकी झाली की आम्ही दोघं त्याच्या आईवडिलांना भेटायला जाणार आहोत. वडील मूळचे खेड्यातले, नोकरीसाठी सोलला आलेले, आता निवृत्त. ते चाळीस वर्षं एकाच दुकानात सूप प्यायला जातात म्हणे, आणि आम्हालाही तिथेच जेवायला बोलावलंय. ते सूप बैलाच्या हाडांचं असतं! मी मटण-मासे खाते, पण हे नाही. आमचे हे निवृत्त प्राथमिक शिक्षक, अकरा वर्षं गळ्यात माळ आहे. थोडी शेती आहे. शेवटची बैलजोडी मुलीच्या इंजिनिअरिंगच्या प्रवेशाच्या वर्षी विकली, तेव्हा हे दोन दिवस जेवले नव्हते. मुलगी म्हणते, ‘बाबा, पोट बिघडलंय म्हणून सांगा आणि नुसता भात खा.’ हे म्हणतात, ‘मग मी येतच नाही.’ मी मधल्या मध्ये. पहिलीच भेट, त्यात आपण मुलीकडचे. मी डोळे मिटून चार चमचे घेऊ का? आणि ह्यांचं काय करू?
— एक आई, सातारा जिल्हा

उत्तर:

ताई, आधी ते पोट बिघडल्याचं काढून टाका. ती थाप मी मारून बसले आहे.

नवऱ्याच्या नोकरीपायी मी सोलमध्ये सहा वर्षं काढली. पहिल्याच हिवाळ्यात त्याच्या ऑफिसातल्या एका वडीलधाऱ्यांनी आम्हाला असंच हाडांच्या सुपाच्या दुकानात नेलं. मी पोटावर हात ठेवून चेहरा कसनुसा केला. झालं! त्यांच्या बायकोनं उठून दुकानातल्या आजींना काहीतरी सांगितलं, आजींनी पोराला पिटाळलं, आणि दहा मिनिटांत शेजारच्या दुकानातून माझ्यासाठी जुक आलं. जुक म्हणजे तांदळाची पेज, आजाऱ्याला देतात ती. एवढं जाऊन आणलेली पेज, वर तिळाच्या तेलाचा थेंब, आणि आत शिंपल्यातल्या मोठ्या गोगलगायीचे बारीक तुकडे. त्याला अबालोन म्हणतात आणि ते तिकडे महागाचं, खास माणसाला घालायचं. सगळं टेबल माझ्या तोंडाकडे बघत होतं. मी शेवटपर्यंत खाल्लं. शिवाय निघताना आणखी एक डबा बांधून दिला, रात्रीसाठी. कोरियन माणसापुढे तब्येतीचं कारण सांगणं म्हणजे आपल्याकडे आजीसमोर शिंकण्यासारखं आहे. पुढचं सगळं तिच्या हातात जातं.

गुरुजींच्या वाट्याला तसली पेज आली तर ते कुठे बघतील?

आता ते दुकान कसं असतं ते सांगते, म्हणजे ‘नुसता भात’ का जमणार नाही ते कळेल. सुपाचं नाव सल्लंगथांग. त्याचंच भावंड गोमथांग. नावातल्या ‘गोम’चा गायीशी संबंध नाही बरं का, ‘गोम’ म्हणजे बराच वेळ रटरटवणं. ढोबळमानानं हाडांचं पांढरं ते सल्लंगथांग, मांसाचं नितळ ते गोमथांग. पण दोन्हीत प्राणी तोच. जुन्या दुकानांत मेनूकार्ड वाचायची वेळच येत नाही, कारण पदार्थच एक. साधा वाडगा की मोठा, एवढंच विचारतात. टेकून तीन-चार मिनिटं होत नाहीत तोवर वाफाळता वाडगा समोर. काही दुकानं सूप संपलं की दुपारीच दार लावून घेतात.

मी ते कधी प्यायले नाही. माझा नवरा प्यायचा. आमच्या घरात तो त्याचा प्रश्न होता. पण मी समोर बसून बघितलंय पुष्कळ. बैलाच्या पायाची हाडं, गुडघे, कुठे कुठे डोकंसुद्धा, गार पाण्यात भिजत घालून रक्त काढून टाकतात. पहिली उकळी ओतून देतात. मग मोठमोठ्या पातेल्यांत दहा-बारा तास, कित्येक ठिकाणी त्याहूनही जास्त, खदखदा उकळतात. हाडांतली चरबी आणि जिलेटिन त्या खदखदण्यात पाण्याशी एकजीव होतं आणि रस दुधासारखा पांढरा होतो. मला पहिल्यांदा खरंच दूध घातलंय असं वाटलं होतं. आणि गंमत म्हणजे त्यात मीठ नसतं. आपल्या कोल्हापूरकडचं मटणाचं अळणी नावालाच अळणी, हे खरोखरचं अळणी. टेबलावर मिठाचा डबा, मिरपूड, चिरलेली कांद्याची पात ठेवलेली असते. ज्यानं त्यानं आपल्या जिभेनं घालायचं. वयस्कर माणसं आधी एक चमचा तसाच पितात, थांबतात, मग चिमूटभर मीठ. बरोबर मुळ्याच्या फोडींची किमची, तिचं नाव काकदुगी. तिचा लाल पाणचट रस काही जण चमच्यानं सुपात सोडतात आणि पांढऱ्यावर गुलाबी रेघ पसरत जाते.

भाताचं बघा. जुनी पद्धत अशी की स्वयंपाकघराच्या तोंडाशी एक बाई उभी असते. तिच्या एका हातात गार भाताचा वाडगा, दुसऱ्या हातात पळी. उकळता रस भातावर ओतायचा, पळीनं भात अडवून रस परत पातेल्यात उलटायचा. पुन्हा ओतायचा, पुन्हा उलटायचा. चार-पाच वेळा असं झालं की शिताशितात ऊब शिरते आणि भात फुटत नाही. याला थोर्योम म्हणतात. बघत राहावं असा हात असतो तो, आपल्याकडे तव्यावर भाकरी परतणाऱ्या बाईचा असतो तसा. पण माळकऱ्याच्या दृष्टीनं बघाल तर भाताला रस लागूनच येतो. हल्ली बऱ्याच ठिकाणी भात झाकणाच्या स्टीलच्या वाटीत वेगळा मिळतो हे खरं, पण मग त्याच्याशी खायचं काय? किमचीत खारवलेली बारीक कोळंबी किंवा मासळीचा अर्क असतो. म्हणजे गुरुजींपुढे राहिला कोरडा भात, मीठ आणि कांद्याची पात. आणि तो खाताना पाच जण बघणार. यजमानाला याहून मोठी शिक्षा नाही.

तेव्हा तुमच्या मुलीची युक्ती बाद. गुरुजींचं ‘मी येतच नाही’ हेही बाद, पण ते का तसं म्हणतात ते मला कळतं. त्याच्याकडे येतेच.

आधी आमंत्रणाबद्दल. तुम्हाला वाटलं असेल, व्याह्यांना पहिल्यांदा बोलावलं आणि नेतायत कुठे, तर सुपाच्या टपरीत! तसं नाही. कोरियात दोन्हीकडच्या आईबापांची रीतसर भेट होते तिला सांगग्योन्ये म्हणतात. ती बहुतेक वेळा बंद खोली असलेल्या चांगल्या हॉटेलात होते, पंचवीस छोट्या ताटल्या येतात, सगळे इस्त्रीचे कपडे घालून ताठ बसतात आणि कुणी मनापासून जेवत नाही. तुमच्या व्याह्यांना ते सहज करता आलं असतं. त्याऐवजी ते तुम्हाला आपल्या नेहमीच्या दुकानात नेतायत, चाळीस वर्षं जिथे त्यांचं भलंबुरं बघितलं गेलंय तिथे. सोलमध्ये अशी दुकानं पिढ्यान्‌पिढ्या चालतात. जोंगनो भागात एक आहे, त्याच्या पाटीवर १९०४ साल आहे. शहरातलं सगळ्यांत जुनं हॉटेल म्हणून ते ओळखलं जातं. म्योंगदोंगमध्ये १९३९ पासूनचं एक आहे, तिथे पितळी वाडग्यात वाढतात. तुम्ही दुकानाचं नाव लिहिलं नाही, पण जात तीच असणार.

आणि एक लक्षात ठेवण्यासारखं. शंभर वर्षांपूर्वी सोलमध्ये हे सूप गरिबांचं, आणि दुकानं बहुधा खाटकांची. खाटकांना तिथे पेकजोंग म्हणत, आणि आपल्याकडे जातीवरून जे जे झालं त्यातलं पुष्कळसं त्यांच्याही वाट्याला आलं होतं. सुपाची चव तर हवी, पण त्यांच्या दुकानात बसलेलं दिसायला नको, म्हणून प्रतिष्ठित मंडळी घरी मागवत. सायकलवर एका हातानं तोल सांभाळत, दुसऱ्या हातानं खांद्यावर वाडग्यांची चळत धरून जाणारी पोरं ही त्या काळच्या सोलची ओळखच होती. या पेकजोंगांनी १९२३ साली जिंजू गावात आपल्या हक्कांसाठी संघटना काढली. आपल्याकडे चवदार तळ्याचं पाणी १९२७ चं. गुरुजींना हे सांगा, त्यांना रस वाटेल. जिथे बसायची एकेकाळी लाज वाटे, तिथे आज सन्मानानं व्याह्यांना नेलं जातं, हे मला फार आवडतं.

म्हणून नकार द्यायचा तो पदार्थाला, आमंत्रणाला नाही. आणि तो टेबलावर द्यायचा नाही. वाडगा समोर आल्यावर ‘नको’ म्हणालात तर त्या गृहस्थांची बायकोपोरांसमोर, दुकानातल्या ओळखीच्या माणसांसमोर मान खाली जाईल. तिकडे चारचौघांतल्या मानाला फार जपतात. तेव्हा हे काम मुलीनं करायचं, निदान दहा दिवस आधी, मुलामार्फत. मुलगा आपल्या वडिलांना त्यांच्या भाषेत, घरी, जेवणानंतर सांगेल. आठवडाभरात ते सावरतील आणि नवीन बेत त्यांचाच असल्यासारखा तुम्हाला कळवतील. तसा तो त्यांचाच होऊ द्या.

आता काय सांगायचं. इथे लोक चुकतात. ‘आमच्या धर्मात चालत नाही’ एवढं म्हणून मोकळं होता येतं, आणि त्यात खोटं काही नाही. पण ऐकणाऱ्याला ते दार लावून घेतल्यासारखं वाटतं. ‘आम्ही ज्याला पवित्र मानतो ते तुम्ही खाता’ असा त्याचा उरलेला अर्धा भाग न बोलता ऐकू जातो. व्याही आयुष्यभर जे प्रेमानं खात आले त्यावर तुम्ही नकळत शेरा मारलेला असतो.

तुमच्या पत्रात तुम्ही एक वाक्य सहज लिहून गेलात. शेवटची जोडी मुलीच्या प्रवेशाच्या वर्षी विकली, आणि गुरुजी दोन दिवस जेवले नाहीत. ताई, धर्माचं राहू द्या, हे सांगा.

कारण सांगते. कोरियातल्या शेतकऱ्याच्या घरात बैल म्हणजे बँक होती. नांगराला तोच, गाडीला तोच, अडीनडीला विकायलाही तोच. १९६०-७० च्या काळात खेड्यातल्या आईबापांनी पोरांना कॉलेजात घालायला बैल विकले, इतक्या घरांतून विकले की त्या वेळी विद्यापीठांना एक नाव पडलं: उगोलथाप. आपण ‘हस्तिदंती मनोरा’ म्हणतो ना, कोरियनमध्येही तसाच शब्द आहे, त्यावर केलेली ही कोटी. उगोलथाप म्हणजे बैलाच्या हाडांचा मनोरा. पोराच्या शिक्षणासाठी गोठ्यातला बैल गेला आणि त्याच्या हाडांवर कॉलेजची इमारत उभी राहिली, असा तो कडवट विनोद. तुमचे व्याही त्याच काळात खेड्यात वाढलेले. त्यांच्या घरचा बैल गेला होता की नाही मला माहीत नाही. पण शब्द त्यांना माहीत असणार, आणि शेजारच्या कुणाचा तरी गेलेला त्यांनी पाहिला असणार.

सुपाच्या जन्माची दंतकथासुद्धा नांगराचीच आहे. सोलमध्ये जेगीदोंग भागात सोन्नोंगदान नावाचं जुनं वेदीस्थान आहे. जोसोन या जुन्या राजघराण्यातले राजे वसंतात तिथे शेतीच्या देवाची पूजा करत आणि स्वतः नांगर धरत. मग बळी दिलेल्या बैलाचं सूप जमलेल्या सगळ्यांना वाढलं जाई, त्याचं हे सल्लंगथांग, असं सांगतात. काही जण म्हणतात नाव मंगोलियातून आलं. काही का असेना. आपल्याकडे बेंदराला बैलाला पुरणपोळी चारतात, त्यांच्याकडे त्या दिवशी बैल कामी आला. शेवट उलटा, पण दोन्हीकडे राजापासून कुणब्यापर्यंत सगळ्यांना पोसणारा तो एकच. याच्यावर दोन म्हातारे शेतकरी तासभर बोलू शकतील.

तेव्हा मुलीला असं काहीसं सांगायला सांगा: ‘माझे वडील शेतकरी आहेत. ज्या जोडीनं आमचं शेत नांगरलं, ती माझ्या फीसाठी विकावी लागली. ते बैलाला घरचं माणूस मानतात, म्हणून आमच्या घरी ते खात नाहीत. शिवाय बाबा भिक्षूंसारखे आहेत, मांस-मासे-अंडी काहीच खात नाहीत.’ शेवटचं वाक्य महत्त्वाचं. ‘शाकाहारी’ म्हटलं तर तिकडे लोक मांसाचे तुकडे बाजूला काढून रस्सा वाढतात. मासळीच्या पाण्याला तर कुणी मांसाहार धरतच नाही. पण ‘भिक्षूंसारखं’ म्हटलं की लख्ख समजतं, कारण बौद्ध मठांतलं जेवण त्यांना पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे.

आणि तीच तुमची सुटका. मठातल्या जेवणाला साचाल उमशिक म्हणतात. त्यात मांस नाही, मासळी नाही, लसूण नाही, कांद्याची पात नाही. पाच उग्र गोष्टी भिक्षूंना वर्ज्य आहेत, त्यातली पाचवी कोणती असावी? हिंग! कोरियात तो पिकत नाही, कुणी फोडणीत घालत नाही, पण जुन्या यादीत बसलाय तो बसलाय. चातुर्मासात कांदा-लसूण सोडणाऱ्या गुरुजींना हे जेवण परकं वाटणार नाही. कमळाचे कांदे, मशरूम, डोंगरातल्या पालेभाज्या, टोफू, सोयाबीनचं आंबवलेलं वाटण, आणि कोळंबीशिवायची किमची. जोंगनोमध्ये जोग्येसा हा मोठा मठ आहे, त्याच्या समोरच बारू गोंगयांग नावाचं या जेवणाचं हॉटेल आहे. आधी जागा राखून ठेवावी लागते आणि स्वस्त नाही, एवढं मुलीला सांगून ठेवा. मघाशी ज्या १९०४ सालच्या दुकानाचं बोलले, ते या मठापासून चालत काही मिनिटांवर आहे. मला याची नेहमी मजा वाटायची. एका गल्लीत रात्रभर हाडं उकळतायत आणि पलीकडे घंटा वाजतेय, आणि कुणाचं कुणाला काही नाही.

व्याह्यांनी तरीही ‘माझं दुकान बघा तरी’ म्हटलं तर दारापर्यंत जा. मालकांना नमस्कार करा. गुरुजी आत बसायला तयार नसतील तर त्याला हट्ट म्हणू नका, बाहेर उभे राहतील. चव बघायची सक्ती कुणी करणार नाही, एकदा कारण कळल्यावर.

तुमच्या चार चमच्यांचं. तुमच्या जिभेवर काय ठेवायचं हे मी कोण सांगणार? तुम्हाला मनापासून चाखून बघायचं असतं तर मी ‘बघा’ म्हटलं असतं. पण तुम्ही ‘डोळे मिटून’ लिहिलंय. डोळे मिटून खाल्लेलं समोरच्याला दिसतं ताई. आणि तिकडे वाडगा रिकामा झाला की ‘आवडलं!’ म्हणून आणखी येतं. मग पुढची तीस वर्षं दर भेटीला तुमच्यासाठी तेच मागवलं जाईल. तुम्हाला हाडामांसाचं सूप हवंच असेल तर कोंबडीचं मागा. सामग्येथांग म्हणजे अख्खी लहान कोंबडी, पोटात चिकट भात, लसूण, जिनसेंग आणि खारकेसारखं फळ. ते लोक भर उन्हाळ्यात घाम काढायला खातात, पण मिळतं बारमाही. किंवा दाकगोमथांग. ‘दाक’ म्हणजे कोंबडी. हा शब्द आधी नसेल आणि नुसतं गोमथांग लिहिलं असेल तर ते तुमचं नाही. आणि ‘सो’ म्हणजे गाय-बैल. ‘सोगोगी आन मगयो’, म्हणजे ते मांस मी खात नाही. एवढं पाठ करा. साध्या दिसणाऱ्या गोष्टींत ते लपलेलं असतं. नव्या वर्षाच्या तांदळाच्या वड्यांच्या सुपात, समुद्री शेवाळाच्या सुपात, गार शेवयांच्या पाण्यात. भाज्याभाताच्या बिबिंबापवर घालतात त्या लाल मिरचीच्या चटणीतसुद्धा कधी कधी खिमा परतलेला असतो. मी दोन वर्षं आनंदानं ती चटणी मागून मागून खात होते, पुढचं काही विचारू नका.

मुलगी ते खाते की नाही, हे तुम्ही पत्रात लिहिलं नाही. तिलाही विचारू नका.

टेबलावरच्या गोष्टी थोडक्यात. सगळ्यांत मोठ्यानं चमचा उचलल्यावर बाकीच्यांनी सुरू करायचं. भात आणि पातळ पदार्थ चमच्यानं, भाज्या काड्यांनी. काड्या स्टीलच्या, चपट्या, निसरड्या असतात. काटा मागायला लाजू नका. चमचा भातात उभा खोचून ठेवू नका, तो फक्त पितरांच्या नैवेद्यात तसा खोचतात. वाडगा उचलून तोंडाला लावायचा नाही. मधल्या ताटल्यांतलं सगळे आपापल्या काड्यांनी घेतात. आपल्यासारखं उष्ट्याचं सोवळं तिथे नाही. गुरुजींना ते अवघड जाईल, तर छोटी ताटली मागून सुरुवातीलाच त्यांचं वेगळं वाढून घ्या. तिला ‘आपचोप्शी’ म्हणतात. मठातल्या जेवणात बरंचसं ज्याचं त्याला वेगळं येतं, म्हणून तोही प्रश्न कमीच. कुणी दारू पुढे केली तर गुरुजींनी पेला दोन्ही हातांनी धरावा आणि साइडर मागावं. नावावर जाऊ नका, तिकडे साइडर म्हणजे लिंबू-सोड्यासारखं गोड पाणी, १९५० पासून पोरंटोरं पितायत. बिलावरून आपल्याकडे होते तशी ओढाताण करू नका. बोलावणारा देतो. तुम्ही नंतरचा चहा द्या. इन्सादोंगमधली चहाची जुनी दुकानं त्या मठापासून जवळच आहेत. दालचिनी-आल्याचं गार पेय सुजोंगग्वा गुरुजींना आवडेल.

बोलायला विषय नाही मिळाला तर गुरुजींना शाळेचा काढू द्या. तिकडे ७० च्या दशकात तांदळाचा तुटवडा होता तेव्हा सरकारनं मिसळीच्या धान्याची सक्ती केली होती. वर्गात गुरुजी मुलांचे डबे उघडून बघायचे, भातात जव मिसळलेत की नाही. सल्लंगथांगमध्ये गव्हाच्या शेवया घालायची पद्धतही त्याच सुमारास रुळली असं म्हणतात. व्याह्यांनी तेव्हा डबा नक्की दाखवलेला असणार. आणि समोर डबे बघितलेला एक गुरुजी बसलाय, आपल्याकडच्या सुकडी-खिचडीच्या गोष्टी घेऊन.

राहिलं तुमचं ‘आपण मुलीकडचे’. व्याह्यासाठी कोरियन शब्द सादोन. त्यांची म्हण आहे, सादोनचं घर आणि संडास जितकं लांब तितकं बरं. म्हणजे धाकधूक त्यांच्याकडेही आहे. ती माणसंही आत्ता घरात बसून विचार करत असतील की भारतातून येणाऱ्यांना काय आवडेल, आपल्या म्हाताऱ्याच्या सुपाला नाकं मुरडतील का. आपल्याकडे विहिणीच्या पंगतीला मुलाच्या आईचे रुसवे काढता काढता मुलीची आई अर्धी होते. ते इथे सातासमुद्रापार घेऊन जायची काही गरज नाही. वाकून नमस्कार करा, भेटवस्तू दोन्ही हातांनी द्या, ती त्यांनी तुमच्यासमोर उघडली नाही तर वाईट वाटून घेऊ नका, आणि ताठ बसा.

गुरुजींसाठी एकच निरोप. त्या जोडीचा फोटो घरात असेलच, बेंदराचा, शिंगं रंगवलेला, झूल घातलेला. तो मोबाइलमध्ये नको, कागदावर मोठा काढून न्या. मागे बैलांची नावं लिहा, आणि मुलीकडून ती कोरियन अक्षरांतही लिहून घ्या.